खोली रिकामी

१

वॉल्टर हाकाला रोज सकाळी आधी माणसांना नावं ठेवायचा आणि मग मशीन तपासायचा. इतक्या वर्षांत हा क्रम एकदाही मोडला नव्हता. बर्फ उपसणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर आंधळा, पार्किंगमध्ये दोन जागा अडवणारा सर्जन माजोरडा, लिफ्टमध्ये थंडीच्या गप्पा मारणारे सगळे बिनडोक. तळघरातल्या आपल्या विभागाच्या दारात पोचेपर्यंत त्याची जीभ चांगली परजलेली असायची.

सुपीरियर सरोवराच्या उत्तर काठावरच्या त्या गावात हॉस्पिटल एकच होतं, कॅन्सरवर किरण सोडणारं मशीन एकच होतं, आणि त्या मशीनला धाकात ठेवणारा भौतिकी विभागाचा प्रमुख तर, त्याच्या मते, साऱ्या देशात एकच होता. अमुक गाठीला अमुक मात्रा द्या, असं डॉक्टर लिहून द्यायचे. मशीन खरोखर तेवढीच मात्रा सोडतं का, हे बघणं फिजिक्सवाल्यांचं काम. "डॉक्टरांना काय, नुसती फर्माईश करायची असते," वॉल्टर म्हणायचा. "मीठ मला मोजावं लागतं."

सकाळची तपासणी साधी होती. पेशंटच्या टेबलावर प्लास्टिकच्या लाद्या रचायच्या, म्हणजे माणसाच्या अंगाइतकी जाडी होते. लाद्यांच्या मधोमध बोटाएवढा मापक सरकवायचा. मग सगळ्यांनी बाहेर यायचं. शेवटी निघणाऱ्याने दारात उभं राहून खोलीभर नजर फिरवायची, मोठ्याने "खोली रिकामी" म्हणायचं आणि भिंतीवरचं बटण दाबायचं. ते दाबल्याशिवाय जाडजूड दार लागत नाही, आणि दार लागल्याशिवाय किरण सुटत नाहीत.

मशीन चालवणारी नोरीन थिबोडो हे सगळं चर्चमध्ये गुडघे टेकावेत तसं मनोभावे करायची. टेबलाखाली वाकून बघायची, कपाटामागे बघायची. वॉल्टर मात्र खोलीकडे पाठ करून, चालता चालताच "खोली रिकामी" पुटपुटायचा आणि बटणावर बुक्की मारायचा.

"एकदा मागे वळून बघा तरी," नोरीन म्हणायची.

"कशाला? लाद्या टाटा करणार आहेत का मला?"

त्या मंगळवारी मापकाने जो आकडा दिला तो शंभरात एकाने कमी होता. दोनापर्यंत चालतं. सरोवरावरून वादळ येत होतं, हवेचा दाब उतरला होता, आणि त्या दाबाच्या हिशेबात नोरीनने चूक केली असणार, असं वॉल्टरने ठरवून टाकलं. तो हिशेब नोरीन करतच नसे, तो स्वतःच करायचा. पण अशा बारीकसारीक गोष्टींनी त्याची मतं बदलत नसत.

२

पुढच्या आठवड्यात एकाचे तीन झाले.

दार्या सेमेनिक ही विभागातली दुसरी फिजिक्सवाली. पस्तिशीची, विनिपेग शहरातून आलेली. वॉल्टरला तिचा तिटकारा होता, कारण ती प्रश्न विचारायची आणि प्रश्न बरोबर असायचे.

"दुसरा मापक लावून बघू या," ती म्हणाली.

"लाव की. मग तिसरा लाव. पंचायतच भरव."

पण त्याने ते केलं. माणूस खवचट होता, कामचुकार नव्हता. दुसऱ्या मापकाने तीन कमी सांगितले, तिसऱ्यानेही तीन कमी सांगितले. वॉल्टरला बरं वाटलं. तीन साक्षीदार एकच सांगतात म्हणजे गुन्हेगार मशीन.

"मशीन कमी सोडतंय," तो म्हणाला. "वाढवू."

"थांबा ना. मशीनच्या डोक्यात त्याचा स्वतःचा मापक आहे, तो म्हणतोय सगळं पूर्ण निघतंय. निघतंय पूर्ण आणि लादीपर्यंत पोचतंय कमी. मधे काय होतंय?"

"मधे हवा असते, दार्या. शाळेत शिकवतात."

"हवा तीन टक्के खात नाही."

"मग विनिपेगला फोन करून विचार. तिकडची हवा काय खाते ते सांगतील."

एवढी वाढ करायची तर डॉक्टरांना कळवायचं आणि कारण सापडेपर्यंत पेशंट घ्यायचे नाहीत, असा नियम होता. पण डॉक्टरांना असलं काही सांगणं म्हणजे वॉल्टरच्या लेखी गाढवापुढे वाचली गीता. शिवाय मशीन बंद ठेवलं असतं तर वरच्या मजल्यावरची व्यवस्थापिका खाली येऊन 'रुग्णांचा अनुभव' या विषयावर बोलली असती. ते ऐकण्यापेक्षा त्याला दातांचा डॉक्टर परवडला असता. त्याने गुपचूप मशीन तीनाने वाढवलं. मग आकडा नेमका शंभर आला आणि तो शीळ घालत कॉफी आणायला गेला.

दार्या तिथेच उभी राहिली. पडद्यावर कॅमेऱ्याच्या चित्रात टेबल होतं, लाद्या होत्या, बाकी काही नव्हतं. ती बराच वेळ ते चित्र बघत होती. वॉल्टर परत आला तरी ती तिथेच होती, आणि त्यावर त्याने तिला काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

३

जगात एका माणसाला तरी वॉल्टर नावं ठेवत नव्हता असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तो हेल्मीलाही ठेवायचा. फरक इतकाच की हेल्मी व्याजासकट परत करायची.

हेल्मी त्याची मोठी बहीण. बाप लवकर गेला, आई कागदाच्या गिरणीत दिवसरात्र राबायची, तेव्हा वॉल्टरचे मोजे धुण्यापासून त्याला शाळेत घालण्यापर्यंत सगळं हेल्मीने केलं होतं. पुढे तिने आयुष्यभर शाळेची बस चालवली. बसभर किंचाळणाऱ्या पोरांना ती आरशात बघून एका शब्दात जागच्या जागी बसवायची. आता तिच्या पाठीच्या कण्यात, दोन खांद्यांच्या मधोमध, गाठ निघाली होती. गाठ मज्जारज्जूला खेटून होती आणि तिच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या होत्या.

डॉक्टरांनी पाच मोठ्या मात्रा ठरवल्या, एक दिवसाआड. मात्रा कमी पडली तर गाठ रज्जूला चिरडेल आणि पाय जातील. जास्त झाली तर रज्जूच भाजून निघेल आणि पाय जातील. मधली वाट केसाएवढी होती. जवळचं दुसरं मशीन आठ तासांच्या रस्त्यावर होतं, आणि त्या रस्त्यावरचे खड्डे हेल्मीच्या पाठीला झेपणारे नव्हते.

"म्हणजे तू मला भाजणार," हेल्मी म्हणाली. "ज्याला अजून अंडं धड उकडता येत नाही, तो."

"अंडं मोजून उकडत नाहीत."

"म्हणून तर तुझी बायको पळाली."

पहिल्या मात्रेनंतर ती हळूहळू बूट चढवत बाकावर बसली होती. घरून आणलेला वेलदोड्याचा पाव तिने नोरीनला दिला, दार्याला दिला, आणि उरलेलं टोक वॉल्टरच्या हातावर ठेवलं.

"तुमच्या टेबलावर जड वाटतं रे," ती म्हणाली. "पाठीवर नाही, वर. छातीवर कुत्रं येऊन झोपावं तसं."

"सकाळी अर्धा पाव खाऊन आलीस. तोच झोपला असेल."

हेल्मी हसली. मग बुटाची नाडी हातात धरून थोडी थांबली.

"कुत्रं गरम असतं पण," ती म्हणाली.

४

किरण सुटतात तेव्हा पेशंट आत एकटा असतो, म्हणून आत माइक असतो आणि बाहेर बटणांच्या टेबलावर स्पीकर. पेशंट खोकला तरी बाहेर कळतं. सकाळच्या तपासणीच्या वेळी त्या स्पीकरवर पंख्याची घरघर आणि किरणांची करकर एवढंच असायचं. ती करकर वॉल्टरच्या अंगवळणी पडलेली होती. घरी फ्रिजचा आवाज ऐकू येऊ नये तशी ती त्याला ऐकूच येत नसे.

हेल्मीच्या दुसऱ्या मात्रेच्या दिवशी सकाळी आकडा पुन्हा तीनाने कमी आला. म्हणजे आधीचे तीन धरून सहा. वॉल्टर शिवी हासडणार इतक्यात करकर थांबली आणि स्पीकरमधून श्वास सोडल्याचा आवाज आला.

छातीच्या पेशंटना किरण चालू असताना श्वास रोखून धरायला सांगतात. झालं की ते असाच सोडतात. लांब, आणि शेवटी जरासा थरथरत.

नोरीनच्या हातातला पाव हातातच राहिला. "आत कोण आहे?"

"कॉम्प्रेसर आहे. टेबल वरखाली करायला लागणारी हवा. सुटली."

"वॉल्टर, मी रोज ऐकते लोकांचे श्वास. तो माणसाचा होता."

"तू रविवारी पाद्र्याचंही ऐकतेस. तो काहीही सांगतो."

त्याने स्वतः जाऊन लाद्या नीट केल्या, बाहेर आला, पाठमोरा "खोली रिकामी" म्हणाला आणि पुन्हा किरण सोडले. मुद्दाम स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवला. करकर, घरघर. मग किरण थांबले. क्षणभर काहीच नाही, आणि मग तोच श्वास, या वेळी माइकच्या इतका जवळ की स्पीकरची जाळी फडफडली.

वॉल्टरने स्पीकर बंद केला. नोरीनकडे बघून तो मोठ्याने हसला, पण कॉफीचा कप उचलायला गेला तेव्हा हात गारठल्याचं त्याला कळलं आणि त्याचा त्याला भयंकर राग आला. आपण घाबरलो आहोत हे त्याला स्वच्छ समजलं होतं. त्याच्या मते घाबरणं हे अडाण्यांचं काम होतं, म्हणून त्याने शहाण्याचं काम केलं. मशीन आणखी तीनाने वाढवलं.

५

"आता सहाने जास्त सोडतंय ते," दार्या म्हणाली. "मशीनचा स्वतःचा मापक ओरडून सांगतोय. मशीन बनवणाऱ्यांच्या माणसाशीही बोलले मी. तोही तेच म्हणतो, जास्त निघतंय."

"तो पोरगा स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो हेसुद्धा पुस्तकात बघतो."

"उद्या आडवं येणारं जे काही आहे ते निघून गेलं, तर ते सहा जातील कुठे? पेशंटच्या अंगात. हेल्मीच्या रज्जूत."

"आडवं काही आलेलंच नाही!" वॉल्टर ओरडला. "मापक तीन, आकडा एक. बास."

दार्या वाद घालत बसली नाही. तिने लाद्यांवर एक फिल्म ठेवली. फिल्मवर जिथे किरण पडतील तिथे ती काळी होते, आणि जिथे काही आडवं येईल तिथे फिकी राहते. काळा चौकोन छान उमटला. फक्त त्याच्या डाव्या कडेवर चार फिके पट्टे होते, शेजारी शेजारी, आतल्या बाजूला वळलेले.

"नोरीन!" वॉल्टर गरजला. "ते गुलाबी आयसिंगचे बन खाऊन बोटं पुसत जा!"

"मी हात लावलेला नाही तिला."

त्याने पट्टे स्पिरिटने पुसले. ते गेले नाहीत. त्याने हातमोजे घातले, नवं पाकीट फोडलं, नवी फिल्म स्वतः ठेवली, किरण सोडले. आता पट्टे उजव्या कडेवरही होते.

"कुणीतरी लाद्यांना दोन्ही हातांनी धरून पालथं पडलंय," दार्या अगदी हळू म्हणाली. पेशंट पडायची भीती वाटली की टेबलाच्या कडा धरतात, तसं, असं तिला म्हणायचं होतं, पण ते तिने गिळलं.

"असं? मग भाडं भरत नाही म्हणून वरच्या बाईंकडे तक्रार कर."

दोन्ही फिल्म त्याने चोळामोळा करून टोपलीत टाकल्या आणि लाद्या काढायला एकटा आत गेला. बाहेर त्या दोघींसमोर उभं राहणं त्याला नको झालं होतं.

खोली रोजचीच होती. छतावर लाल पानांच्या मेपलचं छापील चित्र लावलेलं, पेशंटना बरं वाटावं म्हणून. त्यातली पानंसुद्धा वॉल्टरला कधी आवडली नव्हती. भिंतींमधून हिरव्या प्रकाशाची बारीक रेघ येत होती. पेशंट नीट झोपला आहे का, हे त्या रेघेवरून बघतात. अंगावर ती रेघ चढते, उतरते, पोटावरून वळसा घेते. रिकाम्या टेबलावर ती सरळ पडलेली असते. वॉल्टरने लाद्या कपाटात ठेवल्या, मापक गुंडाळून खिशात टाकला आणि दाराकडे निघाला. आणि तिथे, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तो मागे वळला.

टेबल रिकामं होतं. हिरवी रेघ मात्र टेबलावर नव्हती. ती हवेत होती, टेबलापासून हातभर वर. एका बाजूने चढत गेलेली, मधे रुंद, सपाटशी, आणि दुसऱ्या बाजूने उतरलेली. बघता बघता ती थोडीशी वर उचलली गेली आणि पुन्हा खाली आली.

वॉल्टरने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. रेघ टेबलावर सरळ पडलेली होती. चष्म्याचा नंबर वाढलाय हे त्याला डोळ्यांच्या डॉक्टरने उन्हाळ्यातच सांगितलं होतं, आणि तो त्या डॉक्टरला मूर्ख म्हणाला होता. आता तोच मूर्ख बरोबर निघावा असं त्याला मनापासून वाटलं.

"खोली रिकामी," तो म्हणाला. आवाज प्रश्न विचारल्यासारखा निघाला. मग त्याने बटण दाबलं.

६

हेल्मीच्या चार मात्रा झाल्या. पाचवीच्या दिवशी सकाळी वाढ नवावर पोचलेली होती.

"मी तिच्या अंगावर मापक लावणार," दार्या म्हणाली. "कातडीवर, नेमकं गाठीच्या वर. आत्ता नाही म्हणालात तर मी इथून सरळ डॉक्टरांकडे जाईन."

"लाव, लाव. काय उजेड पडतो बघू."

खरं म्हणजे त्यालाही ते हवं होतं. पण तसं कबूल केलं असतं तर तो वॉल्टर कसला? हेल्मीला आता उताणं झोपणं असह्य झालं होतं. डॉक्टरांनी वेदना मारायचं इंजेक्शन दिलं होतं आणि बजावलं होतं की याचा अंमल एकदाच, आज पुन्हा झोपवता येणार नाही. मशीनचे तिच्याभोवती दोन फेरे व्हायचे होते. दोन्ही झाले पाहिजेत. अर्ध्यावर सोडलं तर गाठ अर्धी जिवंत राहील, आणि मग आठवडाभराने चालणं विसरायचं.

"किती वेळ रे?" हेल्मीने विचारलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"तू बसला स्टार्टर मारायचीस त्याच्यापेक्षा कमी."

"मग दुपार होईल," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

नोरीनने टेबलाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, "खोली रिकामी" म्हणाली. दार लागलं. पहिला फेरा झाला. दार्याने मापकाचा आकडा वाचला, पुन्हा वाचला.

"बरोबर," ती म्हणाली. "शंभराला शंभर."

वॉल्टरने टेबलावर थाप मारली. इतक्या दिवसांचा सगळा राग त्याच्या तोंडातून आनंदाने वाहू लागला. "काय म्हणत होतीस? आडवं येतंय? पालथं पडलंय? नऊ वाढवले तेव्हा कुठे शंभर पोचले! म्हणजे मशीन कमी सोडत होतं, म्हणजे मी बरोबर होतो, म्हणजे तू, तो स्क्रूवाला आणि नोरीनचा पाद्री, तिघंही…"

दार्या त्याच्याकडे बघतच नव्हती. झोताच्या पलीकडे मशीनला एक सपाट फलक असतो. पेशंटच्या आरपार गेलेले किरण त्यावर पडतात आणि बाहेर पडद्यावर चित्र दिसतं. बरगड्या, कणा, खांद्याची हाडं. ते चित्र पडद्यावर होतं.

हेल्मीचा कणा वॉल्टरला तोंडपाठ होता. त्यातला गाठीने पोखरलेला मणका, त्याच्याखालचा किंचित वाकडा मणका. तो दिसत होता. आणि त्याच्यावर, बोटभर सरकून, दुसरा कणा होता. सगळे मणके शाबूत. दोन कणे एकमेकांना समांतर होते, दोन जणं एकावर एक झोपावीत तसे, आणि बरगड्यांचे दोन पिंजरे एकमेकांत शिरलेले होते.

वॉल्टरने तोंड उघडलं. शिवी येईना.

"मशीन नऊ जास्तच सोडतंय," दार्या म्हणाली. "हेल्मीला एकही जास्त मिळालेला नाही. ते नऊ ह्याने घेतले. आधी चारही वेळा वाढवलेलं सगळं ह्यानेच घेतलं. म्हणून तिचे पाय अजून हलतायत."

७

"दुसरा फेरा लावू का?" नोरीनने विचारलं. ती पडद्याकडे पाठ करून बसली होती. तिने वळून बघितलं नाही, आणि बघणारही नव्हती.

"नाही," दार्या म्हणाली. "वॉल्टर, आधी वाढवलेले नऊ कमी करू या."

"अर्धा दिवस जाईल. ती परत झोपू शकणार नाही."

"मग सोडून देऊ."

"मग गाठ राहील."

"आणि लावला, आणि ते मधेच उठलं तर? नऊच्या नऊ रज्जूत जातील."

वॉल्टरला हे समजावून सांगायची गरज नव्हती. मशीन त्याने वाढवलं होतं. तीनदा, स्वतःच्या हातांनी, नियम धाब्यावर बसवून, आणि दर वेळी आनंदाने. आता त्याच्या बहिणीचे पाय त्या वरच्या कण्याच्या मर्जीवर होते. आजूबाजूला नजर टाकून हे कुणाच्या गळ्यात मारता येईल हे त्याने सवयीने शोधलं. कुणीच सापडलं नाही. डॉक्टरांना त्याने काही कळूच दिलं नव्हतं, आणि दार्याने तर पहिल्याच दिवशी थांबा म्हटलं होतं. त्याला लाज वाटली, आणि लाज कशी असते हे तो पार विसरून गेला होता.

त्याने माइकचं बटण दाबलं.

"हलू नका," तो म्हणाला. "अजून एकच फेरा आहे. जसं आहात तसंच राहा. हलू नका. मी हात जोडतो."

स्पीकरमधून हेल्मीचा आवाज आला, इंजेक्शनने जड झालेला. "मी कुठे हलतेय, वॉली? आणि हात जोडतोस काय? बरा आहेस ना?"

वॉल्टरने डोळे मिटले.

"तुला नाही सांगत, हेल्मी."

आत पंख्याची घरघर तेवढी चालू होती. दार्याने तोंडावर हात घेतला होता. आता हेल्मी किंचाळेल, उठायला बघेल, सगळं संपेल, असं वॉल्टरला वाटलं. त्याने कॅमेऱ्याच्या चित्राकडे पाहिलं. हेल्मीचे हात अंगालगत ठेवलेले असायला हवे होते. ते सावकाश वर उचलले गेले. कोपरं झोताच्या बाहेर ठेवून तिने ते छातीच्या वर, हवेत, एकमेकांत गुंफले, आणि छाती आणि हात यांच्यामध्ये एका माणसाएवढी जागा राहिली.

"अस्सं," हेल्मी म्हणाली. बसमध्ये, आरशात बघून, ज्या आवाजात ती बोलायची तो आवाज होता. "पहिल्या दिवसापासून मला वाटतच होतं. नाही हलणार ते. मी धरलंय त्याला. तू तुझं काम कर."

तिचे गुंफलेले हात किंचित वर गेले आणि पुन्हा खाली आले.

"लाव," वॉल्टर नोरीनला म्हणाला.